शीर सापडेना तेव्हा हाड: विसरलेल्या एका वाटेचा इतिहास

"शीर सापडत नाहीये" हे वाक्य दवाखान्यात आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. नर्स हातावर टिचक्या मारते, मूठ आवळायला सांगते, हा हात झाला की तो हात. साध्या तापात त्याने फारसं बिघडत नाही. पण अंगातलं पाणी संपून निपचित पडलेलं मूल असेल, किंवा हृदय बंद पडलेला माणूस असेल, तर गोष्ट वेगळी. रक्तदाब कोसळला की शिरा चपट्या होतात. म्हणजे औषधाची गरज सर्वात जास्त असते, नेमकी तेव्हाच औषध आत जाण्याची वाट बंद होते.

आज आपण यावरच्या एका उपायाचा इतिहास पाहू. हा उपाय सापडला, वापरला गेला, विसरला गेला आणि पुन्हा सापडला. त्या पुन्हा सापडण्यात भारताचाही संबंध आहे.

सुरुवात १९२२ सालची. हार्वर्डमधले सेसिल ड्रिंकर आणि त्यांचे सहकारी प्राण्यांच्या उरोस्थीतलं, म्हणजे छातीच्या मधल्या हाडातलं, रक्ताभिसरण तपासत होते. हाड आपल्याला निर्जीव, कोरडं वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या मज्जेत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि ते थेट मोठ्या शिरांना जाऊन मिळतं. मुख्य मुद्दा असा, की या वाहिन्यांभोवती हाडाची भिंत असते. रक्तदाब कितीही पडला तरी त्या मिटत नाहीत. १९३४ मध्ये योसेफसन यांनी रक्तक्षयाच्या रुग्णांना याच मार्गाने यकृताचा अर्क दिला. पुढे १९४० च्या सुमारास फिलाडेल्फियात टोकँटिन्स आणि ओनील यांनी दाखवून दिलं, की मज्जेत सोडलेला द्रव झपाट्याने रक्तात पोहोचतो.

मग महायुद्ध आलं. रक्तस्रावाने खचलेल्या सैनिकांच्या उरोस्थीत सुई घालून त्यांना द्रव दिला जाऊ लागला. त्या काळातली अशी चार हजारांहून अधिक उदाहरणं सांगितली जातात.

आता आपल्याला प्रश्न पडेल, की इतका कामाचा उपाय विसरला कसा गेला? एक कारण असं, की युद्ध संपलं आणि हे कौशल्य असलेली माणसं घरी परतली. अमेरिकेत तेव्हा रुग्णवाहिका म्हणजे बऱ्याच ठिकाणी नुसतं वाहन. आत उपचार करणारं प्रशिक्षित माणूस नसायचं. दुसरं कारण असं, की १९५० मध्ये मेयो क्लिनिकच्या डेव्हिड मासा यांनी शिरेत ठेवायची प्लास्टिकची नळी पुढे आणली. शिरेतून सलाईन देणं सोपं झालं आणि हाडाची वाट मागे पडली.

ती अमेरिकेत परत आली १९८४ मध्ये. जेम्स ऑर्लोव्स्की हे तिथले बालरोगतज्ज्ञ. कॉलऱ्याच्या साथीत भारतात आले असताना, शीर न मिळणाऱ्या मुलांच्या हाडातून द्रव देताना त्यांनी पाहिलं. परत जाऊन त्यांनी एक संपादकीय लिहिलं. त्याचं शीर्षक शेक्सपियरच्या तिसऱ्या रिचर्डची आठवण देणारं होतं: त्या राजाने घोड्यासाठी राज्य देऊ केलं, इथे डॉक्टर शिरेसाठी द्यायला तयार आहे! पुढच्या काही वर्षांत मुलांच्या तातडीच्या उपचारांत ही पद्धत रुजली. मोठ्यांचं हाड कठीण, हाताने सुई आत जाणं अवघड. त्यांच्यासाठी स्प्रिंगची आणि २००४ नंतर बॅटरीवर चालणारी छोटी ड्रिल यंत्रं आली.

आज पॅरामेडिक हे कसं करतात? शीर मिळत नसेल आणि थांबायला वेळ नसेल, तर बहुधा गुडघ्याखाली, नडगीच्या आतल्या बाजूचा सपाट भाग निवडतात. मोठ्यांमध्ये दंडाच्या हाडाचं वरचं टोकही चालतं. त्वचा स्वच्छ करून सुई हाडाला टेकेपर्यंत घालायची, मग ड्रिल चालवायचं. अडथळा एकदम सुटल्यासारखा वाटला की थांबायचं. सुई स्वतःहून ताठ उभी राहते. मग सलाईन जोरात सोडून वाट मोकळी करायची. रुग्ण शुद्धीवर असेल तर आधी हळूहळू लिडोकेन देतात, कारण सुईपेक्षा आत दाबाने जाणारा द्रव जास्त दुखतो. तेच हाड मोडलेलं असेल, वरच्या त्वचेला संसर्ग असेल, किंवा नुकतंच तिथे टोचलेलं असेल, तर ती जागा टाळतात. आणि सुई साधारण २४ तासांच्या आत काढायची, नाहीतर हाडाला संसर्ग होण्याची भीती.

इथे गोष्ट संपली असं वाटेल, पण नाही. यंत्र हाताशी आलं तसं काहींना वाटू लागलं, की हृदय बंद पडलेल्या प्रत्येकाला आधी हाडातूनच औषध का देऊ नये? वेळ वाचेल! २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. ३० दिवसांनी जिवंत असलेले रुग्ण हाडाच्या गटात ४.५ टक्के आणि शिरेच्या गटात ५.१ टक्के. म्हणजे आधी हाड निवडून जास्त जीव वाचले नाहीत. त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या चाचणीतही हाडाचा मार्ग सरस ठरला नाही.

तेव्हा आपण यातून काय घ्यायचं? १९५० नंतर ही वाट टाकून दिली गेली, ती एक चूक. ती सापडल्यावर हीच राजमार्ग मानायची, ही दुसरी चूक झाली असती. शीर मिळत असेल तर शीर. मिळत नसेल तर वेळ न दवडता हाड. ऑर्लोव्स्कींनी भारतात पाहिलेली मुलं याच दुसऱ्या ओळीतली होती. त्यांच्यासाठी वाट एकच उरली होती, आणि ती ठाऊक असलेलं माणूस तिथे हजर होतं.