लुप्त मगरींचा मेंदू आणि कवटीची साक्ष

मृत्यूनंतर मेंदू सहसा नष्ट होतो. उरते ती कवटीतील पोकळी. टिली एडिंगर या जर्मन विदुषीने १९२९ च्या ग्रंथात अशा पोकळ्यांच्या ठशांचा अभ्यास शास्त्ररूपास आणला. तेव्हा नैसर्गिक ठसा न लाभल्यास कवटी कापावी लागे. १९७१ साली रुग्णांसाठी प्रथम वापरलेल्या सी. टी. स्कॅनने पुढे जीवाश्मांची ही हानी टाळली. तथापि प्रौढ मगरीचा मेंदू पोकळी पूर्ण भरीत नाही. म्हणून ठशावरून त्याचे आकारमान ठरविणे धोक्याचे होय. अंतर्कर्णाच्या पोकळीची साक्ष अधिक भरवशाची. २०२० च्या संशोधनानुसार मगरींचे लुप्त समुद्रवासी आप्त पाण्यात उतरले तेव्हा आधी सांगाडा बदलला, अंतर्कर्ण मागाहून आटोपशीर झाला. बदलांचा हा क्रम, मेंदूच्या आकारमानाहून, अधिक निश्चयाने सांगता येतो.