रोड्स शिष्यवृत्ती : ऑक्सफर्डला कोणाला पाठवायचं हे ठरवतं तरी कोण? जाणून घ्या निवड समितीची सगळी माहिती

शिष्यवृत्तीची जाहिरात मोबाईलवर आली की गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आत कोणी ओळखीचं आहे का?" मार्क किती लागतात हे नंतर विचारलं जातं. कारण यादी कोण बनवतं, कशावरून बनवतं हे कोणी सांगतच नाही. मग ओळख नाही म्हणून हुशार पोरगं अर्जच भरत नाही, नाही तर कोणी एजंट "मी करून देतो" म्हणत दारात उभा राहतो.

इंग्लंडच्या ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकायला पाठवणारी रोड्स शिष्यवृत्ती जगातल्या सर्वात नावाजलेल्या शिष्यवृत्त्यांपैकी एक आहे. भारतातल्या मुलामुलींना ती १९४७ पासून मिळते. नाटककार गिरीश कर्नाड याच शिष्यवृत्तीवर १९६० मध्ये ऑक्सफर्डला गेले. त्यांचा जन्म रायगड जिल्ह्यातल्या माथेरानचा आणि पदवी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची. ही निवड करणारी माणसं कोण असतात, ती काय बघतात आणि त्यांच्या हातात काय नसतं, याची ही माहिती.

थोडक्यात

• निवड एक माणूस करत नाही, समिती करते.
• समितीत बरेच जण पूर्वी हीच शिष्यवृत्ती मिळालेले असतात. हे काम ते मानधन न घेता करतात.
• अर्जाला फी नाही.
• जगभरातून वर्षाला शंभरहून थोडे अधिक विद्यार्थी निवडले जातात. त्यात भारताच्या वाट्याला साधारण पाच जागा येतात.
• शिष्यवृत्तीची निवड वेगळी आणि ऑक्सफर्डचा प्रवेश वेगळा. दोन्हीकडे पास व्हावं लागतं.

मूळ कल्पना होती वर्गमित्रांच्या मतदानाची

सेसिल रोड्स हा इंग्रज माणूस दक्षिण आफ्रिकेत हिऱ्यांच्या खाणींवर गडगंज झाला. तिथल्या केप वसाहतीचा तो पंतप्रधानही होता. आफ्रिकी लोकांच्या जमिनी आणि हक्क हिरावणाऱ्या राज्यकारभाराशी त्याचं नाव कायमचं जोडलेलं आहे. म्हणूनच २०१५ नंतर दक्षिण आफ्रिकेत आणि ऑक्सफर्डमध्ये त्याचे पुतळे हटवण्यासाठी आंदोलनं झाली. १९०२ मध्ये तो वारला आणि त्याच्या मृत्युपत्रानुसार शिष्यवृत्ती सुरू झाली. १९०३ मध्ये पहिले विद्यार्थी ऑक्सफर्डला पोचले.

निवड कशी करावी याची सूचना रोड्सने मृत्युपत्रातच लिहून ठेवली होती. अभ्यासाचे मार्क परीक्षेवरून द्यायचे. खेळाचे आणि माणुसकीच्या गुणांचे मार्क वर्गमित्रांनी मत टाकून द्यायचे. पुढारपणाचे मार्क मुख्याध्यापकांनी द्यायचे. पोरगं कसं आहे हे गुरुजींपेक्षा सोबत्यांना जास्त ठाऊक असतं, असा त्यामागचा विचार. पण एवढ्या देशांत असं मतदान घ्यायचं कसं, हा प्रश्न होता. शिवाय रोड्सने या नुसत्या सूचना आहेत असंही म्हटलं होतं. त्यामुळे ती पद्धत तशीच्या तशी रुजली नाही.

विश्वस्तांनी जॉर्ज पार्किन या कॅनडातल्या मुख्याध्यापकावर काम सोपवलं. देशोदेशी फिरून त्यांनी निवडीची घडी बसवली आणि जागोजागी समित्या उभ्या राहिल्या.

निवड एकाच माणसाच्या हातात असते तेव्हा

जर्मनीत मात्र समिती नव्हती. तिथल्या पाच विद्यार्थ्यांची नावं दरवर्षी खुद्द जर्मन सम्राट कैसर याने द्यायची, असं रोड्सने मृत्युपत्राला जोडलेल्या पुरवणीत लिहिलं होतं. परीक्षा नाही, मुलाखत नाही. सम्राटाने नाव दिलं की काम झालं. निवडले गेलेले अनेक जण उमराव घराण्यांतले होते, यात नवल नाही. पहिलं महायुद्ध पेटल्यावर, १९१६ मध्ये ब्रिटनच्या संसदेने कायदा करून जर्मनीच्या या जागा बंद केल्या. पुढे त्या पुन्हा सुरू झाल्या, पण सम्राटाचा अधिकार संपला तो संपलाच.

एका माणसाच्या हातची निवड दर वेळी वाईटच होते, असंही नाही. आपल्याकडचंच उदाहरण बघा. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं. शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करारही झाला. सयाजीराव स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक म्हणून निवडले गेलेले. त्यांनी पारख केली आणि देशाला बाबासाहेब मिळाले.

पण फरक इथेच आहे. राजा चांगला निघाला तर गरिबाचं पोर पुढे जातं. राजा कैसरसारखा निघाला तर उमरावाचं. अर्ज करणाऱ्याच्या हातात काहीच राहत नाही. समिती हवी ती एवढ्यासाठी.

समितीत जे बसतात, त्यांच्यासारखेच निवडले जातात?

समिती आली म्हणजे न्याय आला, असं मात्र झालं नाही. अमेरिकेतल्या समित्या सुरुवातीला बहुतेक विद्यापीठांच्या प्रमुखांच्या हातात होत्या. १९१८ मध्ये फ्रँक एडलॉट हे तिथले सचिव झाले. त्यांनी समितीत जुने रोड्स विद्यार्थी घ्यायला सुरुवात केली. त्याच वेळी अध्यक्ष मात्र रोड्सचा विद्यार्थी नसलेला, बाहेरचा मान्यवर माणूस असावा असा पायंडा पाडला. ज्यांनी स्वतः ही वाट तुडवली त्यांना माणूस कळतो, आणि बाहेरचा अध्यक्ष असला की "आपलं मंडळ, आपली पोरं" असं होत नाही. ही जोडी आजही टिकून आहे.

तरीही पहिल्या काळात समित्यांत गोरे पुरुष आणि निवडलेही जवळपास सगळे गोरे पुरुषच. वंशावरून किंवा धर्मावरून कोणाला अपात्र ठरवू नये, असं मृत्युपत्रात लिहिलं होतं. प्रत्यक्षात काय झालं? १९०७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातून अ‍ॅलन लॉक या कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणाची निवड झाली. तो हार्वर्डचा हुशार विद्यार्थी. पण ऑक्सफर्डमधल्या अनेक कॉलेजांनी त्याला घ्यायला नकार दिला. शेवटी हर्टफर्ड कॉलेजने जागा दिली. त्यानंतर दुसरा कृष्णवर्णीय अमेरिकन निवडला जायला थेट १९६० चं दशक उजाडलं. म्हणजे नियम कागदावर होता, पण तो चालवणारी माणसं तशी नव्हती.

मुलींचं तर नावच नव्हतं, कारण मृत्युपत्रात विद्यार्थी म्हणजे पुरुष असंच धरलं होतं. ब्रिटनचा कायदा बदलल्यावर १९७७ मध्ये पहिल्या मुली निवडल्या गेल्या. आज मुली बरोबरीने निवडल्या जातात. ज्या देशांना स्वतंत्र जागा नाहीत, तिथल्या विद्यार्थ्यांसाठी २०१८ पासून जागतिक गटही सुरू झाला.

भारतात निवड कशी होते

१. अर्ज : दरवर्षी साधारण जूनच्या सुमारास ऑनलाईन अर्ज सुरू होतात. पदवीचे मार्क, स्वतःबद्दलचं लेखन, शिफारसपत्रं आणि वयाचा दाखला लागतो. वय, शिक्षण आणि भारतात किती वर्षं शिकलं याच्या अटी असतात. त्या दरवर्षी रोड्स ट्रस्टच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्याव्यात.

२. छाननी : आलेले अर्ज वाचणारे लोक निकषांवर ते तपासतात आणि मोठी यादी छोटी करतात.

३. प्राथमिक मुलाखत : छोट्या यादीतल्या विद्यार्थ्यांशी निवड करणाऱ्यांची पहिली भेट.

४. अंतिम मुलाखत : शेवटी उरलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांना राष्ट्रीय निवड समितीसमोर बोलावलं जातं. त्याआधी सगळ्यांची एक अनौपचारिक भेट ठेवतात, चहाची किंवा जेवणाची. गावाकडच्या मुलांना याचीच धास्ती जास्त वाटते. पण निवडीच्या निकषांत काटा-चमच्याचा उल्लेख कुठेच नाही.

मुलाखत इंग्रजीत होते, हे खरं. ऑक्सफर्डमधला अभ्यास इंग्रजीतच असल्याने इंग्रजी यावं लागतं. पण फाडफाड बोलणं आणि मुद्द्याचं बोलणं यात फरक आहे, आणि प्रश्न उमेदवाराने अर्जात जे लिहिलंय त्याला धरूनच जास्त येतात. पाणीपट्टीवर काम केलंय असं लिहिलं असेल तर पाणीपट्टी कशी बसते, कोण भरत नाही आणि का भरत नाही, हे सांगता आलं पाहिजे.

समिती काय बघते

मृत्युपत्रातले चार निकष आजही पाया आहेत.

• अभ्यासातली हुशारी.
• अंगातले गुण पूर्ण वापरण्याची धडपड. पूर्वी इथे मैदानी खेळच धरत. आता संगीत, नाटक, वक्तृत्व किंवा लोकांना सोबत घेऊन केलेलं कामही चालतं.
• खरेपणा, धाडस, कर्तव्याची जाण, दुबळ्यांची बाजू घेणं, दयाळूपणा आणि निःस्वार्थ वृत्ती.
• चारित्र्याचं बळ आणि पुढे होऊन जबाबदारी घेण्याची वृत्ती.

पहिला निकष मार्कलिस्ट सांगते. बाकीचे तीन कुठल्याच मार्कलिस्टवर नसतात. ते बघण्यासाठीच माणसं बसवावी लागतात. आणि माणसं बसवली की त्यांच्या आवडीनिवडीही आत शिरतात. म्हणून समितीत वेगवेगळ्या क्षेत्रांतले स्त्री-पुरुष असावेत, आणि उमेदवार नात्यातला किंवा जवळच्या ओळखीचा असेल तर सदस्याने ते सांगून बाजूला व्हावं, याला महत्त्व आहे.

साहेबांची चिठ्ठी कामाची नाही

समितीचे सदस्य उमेदवाराला आयुष्यात पहिल्यांदाच बघत असतात. त्यामुळे त्याला आधीपासून ओळखणाऱ्यांचं म्हणणं त्यांना फार मोलाचं वाटतं. इथेच आपल्याकडे चूक होते. आमदार, खासदार किंवा संस्थेच्या अध्यक्षांचं पत्र आणलं की वजन पडेल, असं वाटतं. पण ज्यांनी मुलाला कधी शिकवलं नाही, त्याचं काम पाहिलं नाही, ते लिहिणार काय? "होतकरू व गुणी विद्यार्थी" एवढंच. अशी पत्रं सगळ्यांची सारखीच दिसतात.

त्यापेक्षा ज्या प्राध्यापकाने तीन वर्षं शिकवलं, ज्याला त्या मुलीने विचारलेले प्रश्न आठवतात, त्याचं पत्र कैक पटींनी सरस. तालुक्याच्या कॉलेजातल्या शिक्षकांनी लिहिताना विशेषणं कमी आणि प्रसंग जास्त द्यावेत. कोणता प्रकल्प केला, अडचण काय आली, ती कशी सोडवली, वर्गात बाकीच्यांना मदत कशी केली, हे लिहावं. नातेवाइकांचं पत्र चालत नाही.

स्वतःबद्दलचं लेखनही विद्यार्थ्याने स्वतःच लिहायचं असतं. दुसऱ्याकडून किंवा मोबाईलवरच्या एआयकडून लिहून घेतलेलं मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडं पडतं.

समितीच्या हातात काय नाही

समितीने निवडलं म्हणजे ऑक्सफर्डचा प्रवेश झाला, असं नाही. निवड झाल्यावर विद्यार्थ्याला ऑक्सफर्डमध्ये कोर्ससाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तिथले शिक्षक आपल्या अटींवर निर्णय घेतात. तो प्रवेश मिळाला तरच शिष्यवृत्ती पक्की होते. मग फी, राहण्या-जेवणाचा भत्ता आणि विमानभाडं यांचा खर्च शिष्यवृत्तीतून होतो.

दुसरी गोष्ट, नाव न निघाल्यास कारण कळवलं जात नाही. हा नियम अनेकांना खटकतो, आणि खटकण्यासारखा आहेही. निवड न झालेल्याला आपण कुठे कमी पडलो हे कळत नाही. ज्यांच्या घरात, गावात आधी कोणी गेलेलं नाही, त्यांना याचा फटका जास्त बसतो, कारण सांगणारं दुसरं कोणी नसतं.

कोणी पैसे मागितले तर

"समितीत आपला माणूस आहे, इतके द्या, नाव काढून देतो," असं कोणी म्हणालं तर ती सरळ फसवणूक समजावी. अर्ज फुकट आहे, त्यामुळे फीच्या नावाखाली पैसे मागणारा ट्रस्टचा नाही. ओटीपी, बँक खात्याचा तपशील, मूळ दाखले कोणाच्या हाती देऊ नयेत. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर हेल्पलाईनवर लगेच फोन करावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

परदेशी शिक्षणासाठी रोड्स हा एकच दरवाजा नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची माहिती पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयाकडे किंवा जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात मिळते. कुठलीही शिष्यवृत्ती असो, अर्ज भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : निवड कोण करतं, कशावर करतं, आणि नाव न निघाल्यास दाद कुठे मागायची. हे प्रश्न विचारायला ओळख लागत नाही.