राजगिऱ्याचा लाडू आणि मेक्सिकोतला आनंद

दत्तजयंतीला चौल-भोवाळ्याच्या जत्रेत आमच्या गटाचा खाऊचा स्टॉल असतो. यंदा राजगिऱ्याचे लाडू ठेवायचं ठरलं, तेव्हा गटातल्या एक आजी म्हणाल्या, "ठेवा की. उपासाचं ते, आपलं जुनं." किती जुनं ते आम्ही शोधायला गेलो, तर भलतंच निघालं.

राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोक त्याच्या पिठात मध कालवून देवाची मूर्ती करत आणि मग ती मोडून प्रसादासारखी वाटून खात. स्पॅनिशांनी १५२१ मध्ये त्यांची राजधानी जिंकली, ही पूजा बंद पाडली. राजगिऱ्याची शेतीही मागे पडली. तरी फुलवलेला राजगिरा पाकात किंवा मधात थापून केलेली वडी तिथे आजही रस्त्यावर विकतात. तिचं नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. आपली चिक्कीच म्हणा ना!

त्याच १५२१ साली पोर्तुगीज आपल्या रेवदंड्याला किल्ला बांधू लागले. १७४० पर्यंत ते इथं होते. मिरची, काजू, अननस त्यांच्याच जहाजांतून आपल्या देशात आले. बटाटा, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, सगळे मूळचे तिकडचेच. उपासाच्या ताटातून एवढं काढलं तर वरी आणि ताकच उरायचं!

आजींना हे सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्यांनीही देवालाच दाखवला ना? मग चालतो."

पहिल्या खेपेला पाक कच्चा राहून लाडवांचा भुगा झाला, तो आम्हीच खाल्ला. दुसरी खेप जत्रेत संपली.