सुवाह्य सीडी प्लेअर

सुवाह्य सीडी प्लेअर हे कॉम्पॅक्ट डिस्कवर (सीडीवर) अंकीय स्वरूपात मुद्रित केलेला ध्वनी प्रवासात ऐकण्यासाठी बनविलेले, सेलवर किंवा पुन्हा भारित होणाऱ्या बॅटरीवर चालणारे लहान उपकरण आहे. बोलीभाषेत त्याला सर्रास 'डिस्कमन' म्हणतात. मात्र ते मुळात सोनी या जपानी कंपनीचे व्यापारनाम आहे. घरातील सीडी प्लेअर स्थिर जागी चालतो, तर सुवाह्य प्लेअरला धक्के, गर्दी, दमट हवा आणि मर्यादित वीज यांना तोंड द्यावे लागते. त्यामुळे त्याची निवड करताना केवळ ध्वनीचा दर्जा पाहून भागत नाही. मुंबईच्या उपनगरी लोकलमधील रोजचा प्रवास ही अशा उपकरणाची कठीण परीक्षा मानता येईल.

इतिहास

सीडीचे तंत्र फिलिप्स (नेदरलँड्स) आणि सोनी यांनी संयुक्तपणे विकसित केले. तिची मानके १९८० मध्ये निश्चित झाली आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा 'सीडीपी-१०१' हा घरगुती प्लेअर जपानमध्ये विक्रीस आला. नोव्हेंबर १९८४ मध्ये सोनीने 'डी-५०' हा पहिला सुवाह्य सीडी प्लेअर बाजारात आणला. एकावर एक ठेवलेल्या चार सीडी डब्यांएवढा त्याचा आकार होता. सेल मात्र बाहेरच्या वेगळ्या खोक्यात घालावे लागत.

आरंभीच्या यंत्रांत थोडासा धक्का बसला तरी गाणे तुटत असे. १९९० च्या दशकात स्मृतिसाठ्यावर आधारित धक्कारोधक योजना आल्यानंतर चालत्या वाहनात सीडी ऐकणे खऱ्या अर्थाने शक्य झाले. २००० च्या सुमारास एमपी३ संचिका वाचणारे प्लेअर आले. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड आणि पुढे स्मार्टफोन आल्यावर या उपकरणाचा वापर झपाट्याने घटला.

भारतात १९८० आणि १९९० च्या दशकांत स्वस्त कॅसेटचे वर्चस्व होते. सीडी आणि तिचा प्लेअर या दोन्ही वस्तू मध्यमवर्गाला महाग वाटत. परदेशी बनावटीची यंत्रे बहुधा आखाती देशांतून परतणारे नातेवाईक आणीत किंवा ती आयात मालाच्या बाजारातून घेतली जात. १ एप्रिल २००१ पासून ग्राहकोपयोगी वस्तूंवरील उरलेले संख्यात्मक आयातनिर्बंध उठल्यावर ती उघडपणे व तुलनेने स्वस्तात मिळू लागली.

रचना आणि कार्य

सीडीचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर असते. तिच्यावरील सूक्ष्म खळग्यांची सर्पिल रेषा केंद्राकडून कडेकडे जाते व ती उलगडल्यास सुमारे ५ किलोमीटर लांब भरते. प्लेअरमधील ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेझर किरण ही रेषा खालच्या बाजूने वाचतो. वाचनाचा वेग समान राहावा म्हणून तबकडी आतल्या भागात मिनिटाला सुमारे ५०० आणि कडेजवळ सुमारे २०० फेरे घेते.

ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट आणि दोन वाहिन्या असे हे मुद्रण असते. त्यामुळे माहितीचा ओघ सेकंदाला १,४११.२ किलोबिट होतो. एका तबकडीत साधारणतः ७४ ते ८० मिनिटांचा ध्वनी मावतो.

मुंबईच्या उपनगरांतील वापर

अंधेरी आणि बोरिवली ही पश्चिम रेल्वेवरील, तर घाटकोपर आणि मुलुंड ही मध्य रेल्वेवरील स्थानके आहेत. चर्चगेटपासून बोरिवली सुमारे ३४ किलोमीटर, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मुलुंड सुमारे ३१ किलोमीटर अंतरावर आहे. बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या धीम्या लोकलला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे एका फेरीत साधारणतः एक पूर्ण सीडी ऐकून होते.

या प्रवासाच्या काही ठळक अडचणी आहेत. प्लेअरचा व्यास तबकडीमुळे १२ सेंटिमीटरहून अधिक असतो. त्यामुळे तो सदऱ्याच्या खिशात मावत नाही व पिशवीतच ठेवावा लागतो. गर्दीच्या वेळी पिशवी डोक्यावरच्या रॅकवर ठेवली, तर हेडफोनची वायर तिथवर पुरत नाही. पिशवी पोटाशी धरली, तर लोकांच्या रेट्याने कळा आपोआप दाबल्या जातात. गाडी सांधे बदलताना बसणारे हादरे आणि चढता-उतरतानाचे धक्के वेगळेच.

खरेदीसाठी उपनगरवासीयांना अनेक वर्षे दक्षिण मुंबई गाठावी लागे. ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड (अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) हा विद्युत उपकरणांचा प्रमुख बाजार आहे. सीडींसाठी काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाऊस' प्रसिद्ध होते. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले.

निवडीचे निकष

तबकड्यांचा प्रकार

प्लेअर निवडण्यापूर्वी संग्रहात कोणत्या तबकड्या आहेत हे पाहणे आवश्यक ठरते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या तबकड्यांत पुढील भेद असतात.

* ध्वनी-सीडी : कोणत्याही प्लेअरवर चालते.
* घरी मुद्रित केलेली सीडी : हिचे परावर्तन कारखान्यातील सीडीपेक्षा वेगळे असल्याने जुनी यंत्रे ती वाचतीलच असे नाही. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीचे परावर्तन तर फारच कमी असते.
* एमपी३ सीडी : केवळ एमपी३ वाचणाऱ्या प्लेअरवर चालते. ७०० मेगाबाइटच्या तबकडीत सेकंदाला १२८ किलोबिट दराने सुमारे १२ तासांचा ध्वनी मावतो.
* व्हीसीडी : हिच्यात चित्रफीत असते. मराठी नाटके व चित्रपट मोठ्या प्रमाणावर या रूपात विकले गेले. परंतु केवळ ध्वनीसाठी बनलेल्या प्लेअरवर ती चालत नाही.

मराठी श्रोत्यांसाठी हा निकष विशेष महत्त्वाचा आहे. अभंग, नाट्यसंगीत, कीर्तने आणि प्रवचने यांचे संग्रह बऱ्याचदा एमपी३ सीडीच्या रूपात निघाले. उदाहरणार्थ, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'तील ५६ गीते ध्वनी-सीडींवर घ्यायची तर अनेक तबकड्या लागतात, तर एमपी३ रूपात ती एकाच तबकडीत मावू शकतात. एमपी३ न वाचणारे यंत्र कितीही नामांकित असले, तरी अशा संग्रहापुढे ते निरुपयोगी ठरते.

धक्कारोधन

धक्कारोधक यंत्रणा तबकडी नेहमीपेक्षा अधिक वेगाने वाचते आणि काही सेकंदांचा ध्वनी स्मृतीत आगाऊ साठवते. धक्क्याने वाचन खंडित झाले, तरी साठा संपेपर्यंत गाणे चालू राहते. दर सेकंदाला १,७६,४०० बाइट माहिती लागत असल्याने १६ मेगाबिट स्मृतीत मूळ स्वरूपातील जेमतेम १२ सेकंदांचा ध्वनी मावतो. जाहिरातीतील ४० सेकंदांचा आकडा गाठण्यासाठी बहुतेक यंत्रे ध्वनीचे संकोचन करतात आणि त्यात दर्जा किंचित घसरतो. काही यंत्रांत १० आणि ४० सेकंदांचे दोन पर्याय असतात. शांत जागी पहिला आणि लोकलमध्ये किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावरील बसमध्ये दुसरा वापरणे श्रेयस्कर असते.

साठ्याइतकेच महत्त्व धक्क्यानंतर यंत्र किती लवकर पुन्हा वाचू लागते यालाही आहे. सलग हादऱ्यांत साठा भरून निघाला नाही, तर मोठा आकडाही उपयोगी पडत नाही. साठवलेला ध्वनी संकोचितच असल्याने एमपी३ सीडीच्या बाबतीत तेवढीच स्मृती बराच अधिक काळ पुरते.

वीजपुरवठा

अनेक जुनी यंत्रे दोन पेन्सिल सेलवर चालतात. असे सेल वाटेत कोणत्याही दुकानात मिळतात, हा त्यांचा मोठा गुण होय. पुन्हा भारित होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल रोजच्या वापरात किफायतशीर पडतात. मात्र त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असल्याने यंत्राच्या माहितीपत्रकात तशी मुभा आहे का, हे पाहावे लागते. काही यंत्रांना विशिष्ट आकाराची चपटी बॅटरी लागते; ती आता सहज मिळत नाही.

ॲडॅप्टरबाबत दक्षता आवश्यक असते. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट, जपानमध्ये १०० आणि अमेरिकेत १२० व्होल्ट दाबाने मिळते. त्या देशांतून आणलेल्या ॲडॅप्टरवर '१००–२४० व्होल्ट' असे छापलेले नसेल, तर तो येथे थेट लावल्यास जळू शकतो. नवा ॲडॅप्टर घेताना व्होल्ट आणि धन-ऋण टोकांची मांडणी यंत्रावरील खुणेशी जुळणे आवश्यक आहे.

कळा आणि इतर सोयी

गर्दीतील वापरासाठी 'होल्ड' कळ जवळजवळ अनिवार्य आहे. ती सरकवल्यावर इतर कळा दाबल्या जाऊनही काही घडत नाही. 'रिझ्यूम' सोयीमुळे उतरताना थांबवलेले प्रवचन परतीच्या प्रवासात तेथूनच पुढे ऐकता येते. वायरवरील छोटा दूरनियंत्रक असल्यास पिशवी उघडावी लागत नाही. झाकणाची खीळ घट्ट असावी. चालू असताना झाकण उघडल्यास तबकडीवर चरे पडू शकतात.

वायर आणि ब्लूटूथ

बहुतेक प्लेअरना ३.५ मिलिमीटरची हेडफोन खाच असते. अलीकडील यंत्रांत ब्लूटूथही मिळते. त्यामुळे गर्दीत वायर अडकत नाही. पण ध्वनी संकोचित होऊन जातो. एलडॅकसारख्या उच्च दर्जाच्या पद्धतीतही ही मर्यादा सेकंदाला ९९० किलोबिट आहे. सीडीचा मूळ दर्जा हवा असल्यास सहसा वायर लागते.

वापरलेले यंत्र घेताना

सोनी, पॅनासोनिक, फिलिप्स यांची जुनी यंत्रे आज वापरलेल्या स्थितीतच मिळतात. विकत घेण्यापूर्वी तीन तबकड्या लावून पाहणे उपयुक्त ठरते : कारखान्यात बनलेली ध्वनी-सीडी, घरी मुद्रित केलेली सीडी आणि, यंत्रास ती सोय असल्यास, एमपी३ सीडी. पहिली चालते पण दुसरी उशिरा वाचली जाते किंवा वाचलीच जात नाही, असे आढळल्यास लेझर क्षीण झाल्याची शक्यता असते. प्रत्येक तबकडीचे शेवटचे गाणेही वाजवून पाहावे, कारण कडेजवळ वाचनशीर्ष अडखळण्याचा दोष सुरुवातीच्या गाण्यांत कळत नाही. सेलच्या कप्प्यातील हिरवट-पांढरी पुटे आणि वायर हलवताच होणारी खरखर ही दुर्लक्षित यंत्राची लक्षणे होत.

श्रवण आणि सुरक्षितता

लोकलच्या खडखडाटात गाणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून श्रोता नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. पातळी दर ३ डेसिबलने वाढली की हा अवधी निम्मा होतो : ८३ डेसिबलला २० तास, ८६ डेसिबलला १० तास. बोरिवलीहून रोज येऊन-जाऊन दोन तास, आठवड्यातून सहा दिवस ऐकणाऱ्याचे १२ तास होतात. म्हणजे ८६ डेसिबल पातळीवर तो मर्यादा ओलांडतो. अशाने होणारी श्रवणहानी बहुधा कायमची असते.

कानात घट्ट बसणारे इअरफोन बाहेरचा गोंगाट अडवतात आणि कमी आवाजातही गाणे ऐकू येते. ध्वनिमर्यादेची सोय असलेल्या यंत्रात ती चालू ठेवणे हिताचे असते. परंतु बाहेरचा आवाज अडवणारे हेच साधन चालताना घातक ठरते. कानात इअरफोन असताना येणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू येत नाही. रूळ ओलांडणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हाही आहे. फलाटावर, पुलावर आणि गाडीत चढता-उतरताना इअरफोन काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय होय.

निगा

सीडी पुसताना मऊ कापड केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत फिरवावे, गोलाकार फिरवू नये. प्लेअरमधील दोषदुरुस्ती पद्धती रेषेच्या दिशेने पडलेल्या लांब चऱ्यापुढे हतबल होते. आडव्या बारीक चऱ्यांची भरपाई मात्र ती करू शकते. नाव छापलेली वरची बाजू अधिक नाजूक असते, कारण परावर्तक थर तिच्याच लगेच खाली असतो व तो खरवडला गेल्यास दुरुस्ती होत नाही.

मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत, भिंगावर बाष्प धरते. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवली–चर्चगेट मार्गावर पहिली वातानुकूलित लोकल धावली. अशा थंड डब्यातून दमट फलाटावर आल्यावर यंत्र अडखळल्यास ते काही वेळ बंद ठेवावे. पिशवीत सिलिका जेलची पुडी ठेवणे आणि वापर नसताना सेल काढून ठेवणे लाभदायक असते.

सद्यस्थिती

आज प्रवासात गाणी ऐकण्याचे मुख्य साधन स्मार्टफोन हे आहे. तथापि फियो, मूनड्रॉप यांसारख्या चिनी कंपन्यांनी अलीकडे अंतर्गत बॅटरी असलेले नवे सुवाह्य सीडी प्लेअर बाजारात आणले आहेत. लहान प्रकाशकांच्या आणि घरगुती ध्वनिमुद्रणांपैकी सर्वच काही आंतरजालावर उपलब्ध नाही. घरी मुद्रित केलेल्या सीडीतील रंगद्रव्य ऊन व दमटपणामुळे कालांतराने खराब होते आणि तबकडी वाचेनाशी होते. म्हणून अशा संग्रहाची संगणकावर प्रत करून ठेवणे आणि तोपर्यंत त्या तबकड्या वाचू शकणारे एक सुस्थितीतील यंत्र बाळगणे, या दोन्ही गोष्टींना महत्त्व आहे.

हेही पाहा

* कॉम्पॅक्ट डिस्क
* वॉकमन
* एमपी३
* मुंबई उपनगरी रेल्वे
* गीतरामायण