चिलखतापासून संताच्या कातडीपर्यंत

धातूच्या पत्र्यावर आम्लाने चित्र उठवायचं आणि त्याचे छाप काढायचे, याला आपल्याकडे सरळ 'एचिंग' म्हणतात. शब्द मूळचा जर्मन 'एत्सन', डचमार्गे इंग्रजीत आलेला. त्याचा जुना अर्थ 'खायला घालणे'. 'जेवणे' या अर्थाचा जर्मन शब्द 'एसन' त्याच्याच घरातला. कारागीर फक्त पान वाढतो, रेघ खातं ते आम्ल.

या कलेचा जन्म चिलखतं बनवणाऱ्यांच्या कारखान्यातला. सरदारांच्या पोलादी छातीवर वेलबुट्टी काढायची, तर घाव घालून पोलाद वाकण्याची भीती. आम्लाने काम अलगद व्हायचं. जर्मनीतल्या आउग्सबुर्गचा डॅनिएल होप्फर हा असाच चिलखत सजवणारा. 1500च्या सुमारास त्याने त्याच युक्तीने लोखंडी पत्रे कोरून कागदावर छाप काढायला सुरुवात केली. पुढे जर्मन चित्रकार ड्यूररनेही 1515 ते 1518 या काळात लोखंडावर सहा एचिंग केली आणि तिथेच थांबला. लोखंड गंजतं, ड्यूररच्या काही उशिराच्या छापांत गंजाचे ठिपके चक्क दिसतात.

मग तांबं आलं. पत्रा घासूनपुसून आरशासारखा करायचा, त्यावर मेण-राळेचा पातळ थर द्यायचा, मेणबत्तीच्या काजळीने तो काळा करायचा आणि सुईने चित्र काढायचं. सुई जाईल तिथे तांबं उघडं पडतं, आम्ल तेवढंच खातं. फ्रेंच एचिंगकार आब्राम बॉसच्या 1645च्या पुस्तकातल्या एका द्रावणात व्हिनेगर, मीठ, जंगाल आणि नवसागर आहे. होय, कल्हईवाल्याचाच नवसागर!

धातूत कोरणी रेटायला वर्षांची तालीम लागते. मेणावर सुई मात्र बोरूसारखी पळते, म्हणून चित्रकारांना हे काम जवळचं वाटलं. हुसेपे दे रिबेरा त्यांतलाच. स्पेनमधल्या शातिवात 1591 साली जन्मलेला हा माणूस 1616मध्ये नेपल्सला गेला आणि तिथलाच झाला. त्याची एचिंग जेमतेम दीड डझन, पण 1624चं 'संत बार्थोलोम्यूचं हौतात्म्य' पाहिलेला माणूस ते विसरत नाही.

बार्थोलोम्यू हा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. परंपरा सांगते, त्याची जिवंतपणी कातडी सोलली. रिबेराच्या चित्रात संत झाडाला बांधलेला आहे. मारेकऱ्याने सुरी दातांत धरली आहे, कारण दोन्ही हात कातडी ओढण्यात गुंतलेत. खाटकाच्या दुकानात शोभावा असा हा सराईतपणा रक्तापेक्षा जास्त अंगावर येतो. संताच्या अंगासाठी रिबेराने बारीक ठिपके आणि तुटक रेघा वापरल्या, त्यामुळे म्हातारी, सैल त्वचा बोटाला लागेलशी वाटते. पत्र्याची त्वचा आम्लाने सोलून संताची त्वचा उभी केली! विषय आणि तंत्र इतकं जुळलेलं क्वचितच सापडतं.

या संताचा धागा आपल्याकडेही येतो. तो हिंदुस्थानात धर्मप्रसार करून गेला, असं चौथ्या शतकातला चर्च-इतिहासकार युसेबियस नोंदवतो आणि संत जेरोमही. हा हिंदुस्थान नेमका कुठला, यावर वाद आहे. कोकणातली ख्रिस्ती परंपरा मात्र कल्याणचं नाव घेते. अंतिम न्यायाच्या रणशिंगाच्या आवाजाने दचकलेल्या त्याच जेरोमची एचिंगही रिबेराने 1621च्या सुमारास केली होती.

बार्थोलोम्यूच्या चित्राखाली स्पॅनिशमध्ये अर्पणपत्रिका आहे. छाप उलटा उमटतो, म्हणून तिचं अक्षर न् अक्षर पत्र्यावर उलटं काढावं लागलं. ती सिसिलीचा व्हाइसरॉय राजपुत्र फिलिबर्ट याला होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो पालेर्मोत प्लेगने गेला.