ज्याचं त्याचं डोकं

१२ जून २००६ची सकाळ. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरून एक काळी सुझुकी हायाबुसा चालली होती. समोरून येणारी क्रायसलर मोटार वळताना तिच्या वाटेत आली आणि टक्कर झाली. मोटारसायकलवाला उडाला आणि डोक्यानेच मोटारीच्या पुढच्या काचेवर आपटला. जबडा मोडला, नाक मोडलं, दात पडले. डॉक्टर सात तास शस्त्रक्रिया करत होते. जखमी तरुण होता बेन रॉथलिसबर्गर. चारच महिन्यांपूर्वी, वयाच्या २३व्या वर्षी, त्याने पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकी फुटबॉल संघाला सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना जिंकून दिला होता. इतक्या लहान वयात हे करणारा तो पहिलाच क्वार्टरबॅक.

त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

मैदानात हेल्मेटशिवाय त्याला पाऊल टाकता आलं नसतं. अमेरिकी फुटबॉलच्या लीगने १९४३ मध्येच ते सक्तीचं केलं होतं. रस्त्यावरचा नियम वेगळा होता. पेनसिल्व्हेनिया राज्याने २००३ मध्ये २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि दोन वर्षांचा अनुभव किंवा सुरक्षा प्रशिक्षण असलेल्या चालकांना हेल्मेटमधून सूट दिली. रॉथलिसबर्गर तर या सवलतीतही बसत नव्हता, कारण त्याचा तात्पुरता परवाना मार्चमध्येच संपला होता. प्रशिक्षक बिल काउर यांनी वर्षभर आधीच त्याला समजावलं होतं. तेव्हा त्याचं म्हणणं होतं की कायद्याची सक्ती नाही, आणि हेल्मेटशिवाय मोकळं वाटतं.

हे मोकळं वाटणं खोटं नसतं. मोटारसायकलचं सगळं आकर्षण त्यातच आहे. टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, याच ओढीने ब्रफ सुपीरिअर गाड्या पळवायचा. मे १९३५ मध्ये डॉर्सेटमधल्या आपल्या घराजवळ सायकलवरच्या दोन मुलांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. सहा दिवस बेशुद्ध राहून तो गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही.

पुढे युद्ध सुरू झालं. ब्रिटनमध्ये रात्री दिवे बंद, आणि अंधाऱ्या रस्त्यांवर लष्कराचे निरोप घेऊन धावणारे मोटारसायकलस्वार. केर्न्स यांनी १९४१ मध्ये आकडे मांडले. युद्धाआधीच्या २१ महिन्यांत मोटारसायकल चालवणारे आणि मागे बसणारे मिळून १,८८४ जण रस्त्यावर मेले होते; युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९. हेल्मेट घातलेल्या जखमींची त्यांना अवघी सात उदाहरणं मिळाली, पण ते सातही जण जगले. सात म्हणजे फार थोडे, हे त्यांनाही कळत होतं. तरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य ब्रिटिश नागरिकावर ही सक्ती यायला १९७३ उजाडलं. केर्न्स तोवर हयात नव्हते.

अमेरिकेत गाडं पुढे गेलं आणि मागे आलं. १९६६च्या कायद्याने केंद्राने निधीचा चाप लावला, तशी १९७५ पर्यंत ४७ राज्यांनी सक्ती केली. स्वारांच्या संघटना मात्र हटल्या नाहीत. गाडी चालवतो त्यालाच ठरवू द्या, अशी त्यांची घोषणा होती. १९७६ मध्ये काँग्रेसने तो चाप काढला आणि राज्यांनी भराभर कायदे सैल केले. ‘माझं डोकं, माझी जोखीम’ या युक्तिवादात दम आहे. पण त्याला सर्वांत नेमकं उत्तर १९७२ मध्येच मॅसॅच्युसेट्समधल्या न्यायालयाने दिलं होतं: अपघात झाल्या क्षणापासून त्या माणसाला समाजच रस्त्यावरून उचलतो, दवाखान्यात नेतो आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याचं घरही समाजालाच सांभाळावं लागतं.

खेळाडूंच्या बाबतीत तर ‘निवड’ हा शब्दच तपासून घ्यावा लागतो. १९६९ मध्ये बोस्टनचा आइस हॉकीपटू टेड ग्रीन याची कवटी काठीच्या फटक्याने फुटली. त्यानंतर एका खेळाडूने पत्रकारांना मोकळेपणाने सांगितलं की हेल्मेट न घालणं मूर्खपणा आहे, पण बाकीचे घालत नाहीत म्हणून मीही घालत नाही. लीगने सक्ती केली तर सगळे घालतील आणि कुणाची तक्रार राहणार नाही. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७३ मध्ये या कबुलीवरूनच एक निबंध सुरू केला. एकट्याने घालावं तर भित्रा ठरण्याची धास्ती. मग ज्याला आपण वैयक्तिक पसंती म्हणतो, ती खरं तर शेजाऱ्याकडे बघून ठरलेली असते. लीगने १९७९ मध्ये नव्या खेळाडूंना सक्ती केली आणि जुन्यांना मुभा ठेवली. उघड्या डोक्याने खेळणारा शेवटचा खेळाडू क्रेग मॅकटॅविश १९९७ मध्ये निवृत्त झाला.

दवाखान्यातून सुटल्यावर रॉथलिसबर्गरने चाहत्यांची, घरच्यांची आणि संघाची माफी मागितली. पुन्हा कधी मोटारसायकलवर बसलो तर हेल्मेट घालूनच, असं तो म्हणाला. त्याच्या तोंडातली रक्तवाहिनी फाटून रक्त पोटात उतरत होतं. ते वेळीच थांबवलं गेलं नसतं तर मिनिटभरात आपण गेलो असतो, हेही त्याने सांगितलं. ते थांबवलं होतं रुग्णवाहिकेतून धावत आलेल्या कर्मचाऱ्यांनी, तिथेच सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर.