मेसेज परत घेणे

स्मार्टफोनवरून चुकीच्या माणसाला, चुकीच्या ग्रुपवर किंवा चुकीच्या मजकुरासह गेलेला मेसेज समोरच्याच्या फोनमधूनही काढून टाकण्याची क्रिया. रोजच्या बोलण्यात ‘डिलीट मारणे’ किंवा ‘मेसेज उडवणे’. साध्या एसएमएसला ही सोय नाही. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नल, अ‍ॅपलचे आयमेसेज अशा इंटरनेटवर चालणाऱ्या सेवांत ती आहे, पण बहुतेक ठिकाणी मुदतीच्या आत. ही नोंद यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हे तालुक्याचे गाव समोर ठेवून लिहिली आहे. कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगणाऱ्या या पट्ट्यात भाव, पाऊस, फवारणी आणि खरेदी केंद्राची खबर मेसेजवरून फिरते, आणि तिथे एक आकडा चुकला तर एखाद्याचा दिवस नव्हे, हंगाम बिघडू शकतो.

एसएमएस परत का येत नाही, याचे उत्तर त्याच्या जन्मातच आहे. 3 डिसेंबर 1992 रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून नाताळच्या शुभेच्छांचा पहिला एसएमएस पाठवला. तेव्हापासून पद्धत तीच आहे. मेसेज आधी मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्रात जातो. समोरचा फोन बंद असेल किंवा रेंजबाहेर असेल तर तिथे थांबतो आणि फोन सापडला की त्याच्या हवाली होतो. तिथे केंद्राचे काम संपते. पाठवणाऱ्याने मागाहून हुकूम सोडावा आणि समोरच्या फोनमधला मजकूर पुसला जावा, अशी तजवीज सामान्य ग्राहकासाठी त्यात ठेवलेलीच नाही. आपल्या फोनमधला एसएमएस काढला की आपलीच प्रत जाते, समोरची तशीच राहते. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरे मावतात, देवनागरीत फक्त 70. त्यामुळे लांबलेला मराठी मजकूर दोन-तीन तुकड्यांत जातो आणि समोर जोडला जातो. एकही तुकडा मागे बोलावता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपची तऱ्हा वेगळी आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. या सेवेत मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतो. 2016 पासून सर्वांसाठी हीच व्यवस्था आहे. मेसेज पोहोचला की कंपनीच्या सर्व्हरवर तो उरत नाही; पोहोचला नाही तर जास्तीत जास्त 30 दिवस तिथे थांबतो. मग ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दाबल्यावर नेमके काय होते? आपला फोन समोरच्या फोनला दुसरा एक मेसेज पाठवतो. ‘अमुक मेसेज दाखवू नकोस, पुसून टाक’ एवढाच त्याचा अर्थ असतो. समोरच्या फोनमधले अ‍ॅप तो हुकूम पाळते आणि मूळ मजकुराच्या जागी मेसेज डिलीट झाल्याची ओळ ठेवते. म्हणजे परत घेणे हे समोरच्या फोनवर अवलंबून आहे. त्या फोनचे इंटरनेट बंद असेल, त्यातले अ‍ॅप फार जुने असेल, किंवा मालकाने मजकूर आधीच वाचला असेल, तर बटण दाबण्याचा उपयोग तेवढाच कमी. काही कारणाने मेसेज पुसला गेला नाही, तर पाठवणाऱ्याला तसे कळवलेही जात नाही.

ही सोय 2017 च्या अखेरीस आली, तेव्हा मुदत फक्त सात मिनिटांची होती. 2018 मध्ये ती तासाभराहून थोडी अधिक झाली. ऑगस्ट 2022 मध्ये ती साधारण अडीच दिवसांवर गेली. त्याच वर्षी ग्रुपच्या अ‍ॅडमिनला इतरांचे मेसेजही सर्वांच्या फोनमधून काढण्याचा अधिकार मिळाला, आणि वर्षाच्या शेवटी एक लहान पण मोलाची दुरुस्ती झाली. घाईत ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ऐवजी ‘डिलीट फॉर मी’ दाबले गेले तर आपल्या फोनमधून मेसेज जायचा आणि इतरांकडे तो कायम राहायचा; मग तो काढायला हातात काहीच उरत नसे. आता ती चूक मागे घ्यायला काही सेकंद मिळतात. मे 2023 पासून पाठवलेला मजकूर 15 मिनिटांच्या आत बदलताही येतो. नुसती काना-मात्रा किंवा आकडा चुकला असेल, तर काढण्यापेक्षा हाच मार्ग बरा.

आयफोनवर सप्टेंबर 2022 पासून आयमेसेज दोन मिनिटांत परत घेता येतो आणि 15 मिनिटांत दुरुस्त करता येतो, पण समोरही अ‍ॅपलचेच नव्या आवृत्तीचे यंत्र हवे. आयफोनवरून अँड्रॉइडला गेलेला साधा एसएमएस त्यात बसत नाही. टेलिग्रामने 2019 पासून खासगी संवादातला कोणताही मेसेज, कितीही जुना असो, दोन्ही बाजूंनी पुसण्याची मुभा दिली आहे. जीमेल पाठवलेले पत्र पाच ते तीस सेकंद स्वतःकडेच रोखून धरते. ते परत येते, कारण खरे तर ते निघालेलेच नसते.

व्हॉट्सअ‍ॅपवरही अशी एक संधी असते. मेसेजशेजारी घड्याळाची खूण आहे तोवर तो आपल्याच फोनमध्ये आहे. गावाबाहेर, शेतात, रेंज नसलेल्या वाटेवर ही खूण बराच वेळ दिसते. तेवढ्यात डेटा बंद करून मेसेज काढला, तर तो कोणाकडेच जात नाही आणि डिलीट झाल्याची ओळही उमटत नाही. एक राखाडी टिक आली की तो सर्व्हरवर गेला. दोन आल्या की समोर पोहोचला.

पुसलेला मेसेज पुसला गेला असे मानणे मात्र धोक्याचे. कोणी तो पुढे ढकलला असेल तर ती प्रत स्वतंत्र असते. मूळ मेसेज काढल्याने ती जात नाही. फोटो समोरच्याच्या गॅलरीत उतरलेला असू शकतो. स्क्रीनशॉट घ्यायला एक क्षण लागतो. अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2020 पासून, फोनमध्ये सूचनांचा इतिहास ठेवण्याची सोय आहे. ती चालू असेल तर मेसेज उडवल्यावरही त्याचे शब्द सूचनेत दिवसभर वाचता येतात.

पुढे ढकललेल्या मेसेजचे काय होते, हे महाराष्ट्राने 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पाहिले. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाइलवरून फिरत होत्या आणि भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. अशी अफवा पहिल्यांदा पाठवणाऱ्याने ती डिलीट केली असती तरी पुढे गेलेल्या एकाही प्रतीला धक्का लागला नसता.

राळेगावच्या संदर्भात ही गोष्ट सर्वांत जास्त लागू होते ती शेतीच्या मेसेजना. 2025-26 च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7710 रुपये आणि लांब धाग्याचा 8110 रुपये ठरला. हे दोन आकडे अदलाबदल होऊन ग्रुपवर पडले, तर गाडी भरून निघालेल्या शेतकऱ्याचा हिशेब क्विंटलमागे 400 रुपयांनी चुकतो. औषधाच्या प्रमाणात एक शून्य वाढले तर त्याहून वाईट. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती आपत्ती मेसेजमुळे आली नव्हती. औषधांची जहाल मिश्रणे, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट हवा आणि संरक्षक साधनांचा अभाव ही त्यामागची कारणे सांगितली गेली. पण ज्या जिल्ह्याने हे सोसले, तिथे प्रमाणाचा चुकीचा मेसेज नुसता गुपचूप उडवून मोकळे होणे कोणालाही शोभत नाही. ज्याने तो वाचून कागदावर उतरवून घेतला, त्याला डिलीट झाल्याची ओळ काहीच सांगत नाही. चूक कोणती होती आणि बरोबर काय, हे त्याला सांगावेच लागते.

कायद्याच्या नजरेत मेसेज काढल्याने जबाबदारी आपोआप संपत नाही. तमिळ अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी 2018 मध्ये महिला पत्रकारांविषयीची एक हीन पोस्ट पुढे पाठवली, आक्षेप आल्यावर काढली आणि माफीही मागितली. तरीही ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटले रद्द करण्यास नकार दिला. ग्रुपच्या अ‍ॅडमिनबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये दिलासा दिला. गोंदियाच्या प्रकरणात त्याने असे ठरवले की, समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट नसेल, तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला दोषी धरता येत नाही. यवतमाळ जिल्हा याच खंडपीठाच्या कक्षेत येतो. आणि काढलेल्या मेसेजची प्रत कोणाकडे उरली असेल, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार विहित प्रमाणपत्रासह अशी इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून मांडता येते.

चुकीच्या माणसाला गेलेला खासगी मजकूर लगेच काढावा आणि त्याला फोन करून सरळ सांगावे, ‘भाऊ, चुकीनं गेला, वाचू नका.’ ओटीपी, आधारचा किंवा बँकेचा तपशील गेला असेल तर मेसेज काढून थांबू नये. आधी बँकेला कळवावे, आणि पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. भाव, तारीख, केंद्र किंवा औषधाचे प्रमाण चुकले असेल तर जुना मेसेज काढावा आणि त्याच ग्रुपवर, त्याच दिवशी, पिकाचे नाव, चुकलेला आकडा आणि बरोबर आकडा असा दुरुस्तीचा मेसेज टाकावा. राळेगाव तालुक्यात शेतीचे ग्रुप चालवणाऱ्या प्रत्येक अ‍ॅडमिनने एवढा एक नियम ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवावा आणि तो स्वतःपासून पाळावा.